रेवानं दाखवलेला भंडारा

माझी मुलगी फार गुणी आहे म्हणून मी रोज खंडोबाचे आभार मानायचे. ज्या दिवशी मला तिच्या गुणीपणाची भीती वाटली, त्या दिवसापासून माझं देवाशी भांडण सुरू झालं. ते भांडण कसं मिटलं, ते आज लिहून काढावंसं वाटतंय. चमत्कार झाला असा माझा दावा नाही. जे घडलं ते सांगते, वाचणाऱ्यानं त्याला हवं ते नाव द्यावं.

रेवा वर्षाची झाली ते साल दुष्काळाचं होतं. आम्ही राहतो ते सातारा म्हणजे जिल्ह्याचं सातारा नव्हे, आमच्या शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं खंडोबाचं गाव. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा देवळाच्या पलीकडं शेतं होती. पुढं प्लॉटिंग झालं, इमारती उभ्या राहिल्या, गावाचा 'सातारा परिसर' झाला. माणसं वाढली, पाणी मात्र वाढलं नाही. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा बोअर आटले आणि सगळा परिसर टँकरवर आला. माझे यजमान टँकरच चालवायचे. घरात पाणीवाला असून आमचीही पिंपं रिकामी असायची, यावरून गल्लीतल्या बायका मला चिडवायच्या. मी रेवाला उंबऱ्याशी बसवून घागरी घेऊन रांगेत उभी राहायचे. बाकीच्या लेकरांनी आयांच्या नावानं टाहो फोडलेला असायचा आणि माझी रेवा बसवली तिथं बसलेली, हातातलं झाकण गरगर फिरवत. शेजारणी म्हणायच्या, असं लेकरू नशिबानं मिळतं. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

माझं माहेर पिशोरकडचं, मेंढरांचं घर. संध्याकाळी कळप परत आला की कोकरं सोडायची, आणि मग जो गलका व्हायचा त्यात प्रत्येक मेंढी आपल्या कोकराला आवाज द्यायची आणि प्रत्येक कोकरू नेमकं आपल्या आईला जाऊन भिडायचं. माझे वडील त्या वेळी कुणाशी बोलायचे नाहीत. नुसते काठीला टेकून बघत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, दादा, उगंच काय बघत बसता? तर म्हणाले, "उगं नाय गं, बघत बसणं हे बी कामच हाय." एखादं कोकरू आईच्या आवाजाला गेलं नाही, तर ते त्यांच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. लगेच काही बोलायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याला जवळ ठेवायचे, हातानं आईला लावायचे. ही नजर माझ्या अंगात कधी आली मला कळलं नाही. रांगेत उभी असताना माझं लक्ष घागरीपेक्षा उंबऱ्याकडं असायचं.

आणि एक दिवस मला दिसलं. लांबून टँकरचा आवाज आला की गल्लीत सगळ्यांच्या आधी रेवाची मान वळायची. अजून आम्हाला ऐकूही आलेला नसायचा, आणि ही बघायला लागलेली असायची. म्हणजे कान चांगले तीक्ष्ण. पण मी रांगेतून हाक मारली तर वळायची नाही. जवळ जाऊन मारली तरी नाही. समोर बसून मारली तर माझ्या कपाळावरच्या टिकलीकडं बघायची, डोळ्यांत नाही. मी टाळ्या वाजवून पाहिलं, लपाछपी खेळून पाहिलं. माझं तोंड पदराआड गेलं आणि परत आलं, यात तिला काही गंमतच वाटत नव्हती. जे झाकण ती फिरवायची, ते तिनं एकदाही उचलून मला दाखवलं नाही. हे सगळं लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन रडत होते.

घरी सांगितलं तर सगळ्यांकडं उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर आमच्याच घरात मिळेल असं होतं. आमच्यात जावळ खंडोबाला काढेपर्यंत मुलाला पाळण्यातल्या नावानं मोठ्यानं हाक मारत नाहीत. नाव ठेवायचं, पण ते देवाजवळ ठेव म्हणून राहतं. नदीच्या नावाचं 'रेवा' हे नाव ह्यांनीच शोधलं होतं, दिवसभर पाणी वाहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. पण ते नाव कुणी घेत नव्हतं. सासूबाई तिला बानू म्हणायच्या, नणंद परी म्हणायची, हे चिमणे म्हणायचे, आणि मी सोन्या. जावळ करायचं म्हणजे जागरण-गोंधळ आला, पिशोरहून माझ्या माहेरची माणसं आली, भावकी आली, पंगत आली. पाणीच नाही तर पंगत कशी बसवायची, म्हणून ते पुढं पुढं चाललं होतं. मग आत्याबाईंनी (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते) हिशेब लावला तो असा, की लेकराला चार जण चार नावांनी बोलवतात, ते वळणार तरी कुणाकडं? जावळ होऊ दे, नाव मोकळं होऊ दे, मग बघ कशी धावत येती. सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटायला हवं होतं. एक पाऊस पडला की माझी मुलगी माझ्याकडं बघेल, याहून सोपं काय असणार?

पण टिकलीकडं बघणारे ते डोळे मला झोपू देत नव्हते. नावाची ओळख नसेल, पण आईच्या आवाजाची ओळख नसावी का? कोकरांना तरी कुठं नावं असतात? मी देवळात जायचे आणि हात जोडून अक्षरशः भांडायचे. तू धनगरांचा देव ना, बाणाईसाठी मेंढरं राखलीस ना, मग माझ्या एका कोकराकडं बघायला तुला फुरसत नाही का? असं काहीबाही. शेवटी एका रविवारी तळी भरायची ठरली, तेव्हा मी त्याला अट घातली. आज तळी उचलताना सगळे येळकोट करतील, तेव्हा मी रेवाला हाक मारीन. ती माझ्याकडं एकदा वळली तर मी समजेन की काही नाही, माझ्या मनाचे खेळ आहेत, आणि पावसाची वाट बघत गप्प बसेन. एवढी एक खूण दे.

देवळाबाहेर एक कडुनिंब आहे, तिथल्या ओट्यावर आम्ही बसलो. ताटात खोबरं, विड्याची पानं आणि भंडारा. पाच जणांनी ताटाला हात लावला आणि सदानंदाचा येळकोट म्हणत तळी वर उचलली. मागच्या बाजूला कुणाचा तरी ढोल चालू होता. मूठमूठ भंडारा वर उधळला गेला. दुपारचं ऊन होतं, त्या उन्हात पिवळी धूळ हळूहळू खाली यायला लागली. ओट्यावरची बाकीची लेकरं कुणी घाबरून आईला बिलगली, कुणी हसून आईच्या तोंडाकडं बघायला लागली. रेवा वर बघत होती. भंडाऱ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मी हाक मारली. सोन्या म्हणून मारली, बानू म्हणून मारली, आणि शेवटी न राहवून, जावळाआधी, देवाच्या दारात, "रेवा" म्हणून मारली. ती वळली नाही. भंडारा खाली बसेपर्यंत ती त्या धुळीत हरवलेली होती, आणि त्या आनंदात मी कुठंच नव्हते.

देवानं नाही म्हटलं, एवढंच मला कळलं. घरची माणसं दर्शनाला आत गेली आणि मी रेवाला घेऊन झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून. तिथं एक वयस्कर बाई आधीच बसल्या होत्या, मांडीत पाच-सहा वर्षांचा मुलगा, त्याच्या दोन्ही कानांवर त्यांचे हात. त्या सिल्लोडच्या. सोमवारी नातवाला शहरातल्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं होतं, आणि शेजारचं हिंदू कुटुंब देवाला जीप घेऊन येत होतं, म्हणून त्या आदल्या दिवशीच त्यांच्याबरोबर आल्या होत्या. ढोल नातवाला सोसत नव्हता म्हणून इतक्या लांब बसल्या होत्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. आमच्याकडं मुसलमान बायांना म्हणतात तसं खाला, म्हणजे मावशी, म्हणाले. त्या बराच वेळ रेवाकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "बेटी, ये आवाज तो सुनती, पर तेरे तरफ देखती नै. हौ ना?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. सगळे मला उत्तरं देत होते. मी मान हलवली आणि मग माझा बांध फुटला. टँकर, टिकली, झाकण, लपाछपी, सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही "होईल सगळं नीट" म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर सिल्लोडच्या सरळ मराठीत म्हणाल्या, "ह्या पोराच्या आईनं बी हे समदं पाह्यलं व्हतं. आमीच तिला येडी ठरवलं. चार वर्सं गेली त्याच्यात. तू उद्या माझ्यासंगं चल. तिथं मशीन लावत नाय, टोचत नाय. आईनं काय पाह्यलं ते इचारतात. तुझ्याजवळ तर सांगायला लई हाय." आणि नातवाच्या कानांवरचा हात न काढता त्यांनी कोपरानं माझ्या खांद्याला हलकंच ढकललं. बरोबरीच्या मैत्रिणी ढकलतात तसं.

घरी गेल्यावर वादावादी झाली. हे म्हणाले थोडं थांबू. आत्याबाई म्हणाल्या, देवाची ठेव देवाजवळ असताना दवाखान्यात नाव घालायचं नाही. मी भांडखोर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी भांडले नाही. इतकंच म्हणाले, की मी देवाला विचारलं होतं, त्यानं उत्तर दिलंय. शेवटी आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, मी संगं येते, डॉक्टरीणबाईला सांगते माझी नात कशी शहाणी आहे ते. त्या सोमवारी इरकल नेसून, जणू कोर्टात साक्ष द्यायला निघाल्यासारख्या निघाल्या.

दवाखान्यात एका खोलीत सतरंजी अंथरली होती, थोडी खेळणी होती. डॉक्टर मॅडम सतरंजीवरच बसल्या. त्यांनी रेवाला पाहिलं, थोडं खेळवलं, आणि मग आमच्याकडं वळून एकेक विचारायला लागल्या. हाकेला बघते का? आपण हसलो तर हसते का? आपण बोट दाखवलं तर तिकडं बघते का? खेळणं आणून दाखवते का? प्रत्येक प्रश्नाला माझ्याआधी आत्याबाई उत्तर द्यायच्या. व्हय, बघती की. व्हय, हसती की. खोटं नव्हत्या बोलत, माया बोलत होती. मी फक्त मान हलवून नाही म्हणायचे, आणि मॅडम दोघींचं ऐकून घ्यायच्या. मग त्यांनी विचारलं, "काही हवं असलं तर बोटानं दाखवते का?"

आत्याबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. मग त्या सावकाश म्हणाल्या, "नाय. बोट नाय दावत. माझा हात धरती, मनगटापाशी, आन डब्याकडं नेती. माझ्या तोंडाकडं बघत नाय. नुसता हातच नेती." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला वाटलं आज्जीचा लळा हाय." त्यांचे डोळे भरून आले. मॅडम म्हणाल्या, "आजी, लळा आहेच. पण हे तुम्ही पाहिलंत, हे फार महत्त्वाचं सांगितलंत." मी माझ्या सासूबाईंचा हात धरला. आमच्या घरात सासवा-सुना एकमेकींचा हात धरत नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा जितका अभिमान वाटला, तितका माझा स्वतःचाही वाटला नाही. आपल्या आनंदाचा अर्थ वेगळा निघतोय हे कळूनही त्यांनी तो लपवला नाही.

मॅडमनी आधी कानांची तपासणी करून घेतली. कान ठणठणीत होते, हे टँकरच्या आवाजानं आधीच सांगितलं होतं. इतक्या लहान वयात पक्कं नाव द्यायची घाई नको, पण स्वमग्नतेच्या, ऑटिझमच्या, खुणा दिसताहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या तपासण्यांत ते पक्कं झालं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, निदान पक्कं होईपर्यंत थांबायचं नाही, काम आजपासून सुरू करायचं, आणि मूल इतकं लहान असताना आलात हे फार चांगलं केलंत. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मुलीला एकच नाव ठेवा, सगळ्यांनी त्याच नावानं बोलवा. म्हणजे आत्याबाईंचा हिशेब अगदीच चुकलेला नव्हता. नाव मोकळं व्हायला हवंच होतं, फक्त त्यासाठी पावसाची वाट बघून चालणार नव्हतं.

परत येताना आत्याबाईंनी रिक्षा देवळाशी थांबवायला लावली. चपला काढून त्या आत गेल्या, मी रेवाला घेऊन मागं. त्यांनी देवापुढं डोकं टेकलं आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलल्या, "मल्हारी, जावळ राह्यलंय, ते तुझं मी देणार. पर नाव आजपासून घेते. तुला राग आला तर माझ्यावर काढ." मग रेवाकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं म्हणाल्या, "रेवा." रेवानं काही बघितलं नाही. पण गाभाऱ्यात ते नाव छान घुमलं. त्या दिवसापासून आख्ख्या गल्लीला आत्याबाईंनी दम दिला. परी म्हणणाऱ्या नणंदेला तर फोनवरच झापलं.

पुढचं सगळं काम होतं, त्यात गोष्ट अशी काही नाही. मी तिच्या नजरेच्या पातळीला बसायला शिकले. झाकण माझ्या डोळ्यांजवळ धरून थांबायचं, ती बघेपर्यंत थांबायचं, क्षणभर बघितलं की लगेच द्यायचं. तिनं हात धरून नेला तर डब्यापाशी गेल्यावर तिचं बोट आपल्या हातात घेऊन पुढं करायचं. आत्याबाईंनी हे इतकं मनावर घेतलं की लाडू मागायला आलेल्या शेजारच्या पोरांनाही बोट दाखवल्याशिवाय लाडू मिळेना. हे टँकर घेऊन गल्लीत आले की हॉर्न वाजवायचे आणि खाली उतरून तिच्यासमोर उकिडवे बसायचे, जोवर ती टँकरवरून नजर काढून बापाकडं बघत नाही तोवर नळी सोडायचे नाहीत. रांगेतल्या बायका खोळंबायच्या. पण खरं सांगते, एकीनंही कधी तक्रार केली नाही. उलट तिनं बघितलं की सगळ्या रांगेचा चेहरा खुलायचा.

खाला मला परत दोन-तीनदा दवाखान्यात भेटल्या, मग त्यांचा वार बदलला आणि गाठ पडेनाशी झाली. मी पुष्कळदा विचार करते. त्या जीपमध्ये आल्या नसत्या तर? ढोल वाजत नसता तर त्या झाडापाशी बसल्याच नसत्या. आणि रेवा त्या दिवशी योगायोगानं एकदा जरी वळली असती, तर मी शब्द दिल्याप्रमाणे गप्प बसले असते. पावसाची वाट बघत. मी जी खूण मागितली होती ती मला मिळाली नाही, आणि त्या न मिळण्यानंच माझी मुलगी वेळेवर वाचली. तेव्हापासून मी देवाला अटी घालायचं सोडून दिलं. आपण बघत राहावं, जे दिसलं ते न लपवता सांगावं, आणि त्याचं पुढं काय करायचं ते त्याच्यावर सोपवावं, एवढंच मला शरण जाणं म्हणून कळलंय.

पुढं पाऊस झाला. बोअरला पाणी आलं, भावकीला निरोप गेले, आणि जावळाचा दिवस ठरला. रेवाला डोक्याला कात्री लागलेली सोसत नाही, म्हणून कित्येक आठवडे आधीपासून मी तिला बंद कात्री केसांवर फिरवून सवय केली होती. आत्याबाईंनी गोंधळ्यांना स्पष्ट सांगितलं, जागरण रात्री घरी घाला, पण देवळापाशी लेकरासमोर ढोल नको. देवाला ऐकू येतं. भावकीतल्या एक-दोघांनी नाकं मुरडली, पण आत्याबाईंपुढं कुणाचं चालतं? रेवा तेव्हा तीन वर्षांची होती. शब्द थोडेच होते, आजही थोडेच आहेत. पण आज ती बालवाडीत जाते, तिच्या बाईंना ती कळते, आणि तिला तिच्या बाई कळतात.

जावळ झाल्यावर त्याच कडुनिंबाखाली तळी उचलली. भंडारा उधळला, आणि तो तसाच उन्हात हळूहळू खाली यायला लागला. मुंडण झालेली माझी मुलगी माझ्या शेजारी उभी होती, मान वर करून, तोच आनंद चेहऱ्यावर. मी हाक मारली नाही. या वेळी मी काहीच मागितलं नव्हतं. मग तिचा उजवा हात वर आला, आणि एक बोट त्या पिवळ्या धुळीकडं गेलं. माझं मनगट न धरता. स्वतःचं बोट. आणि मग तिनं मान वळवली, माझ्या डोळ्यांत बघितलं, परत भंडाऱ्याकडं, परत माझ्याकडं, मी बघतेय की नाही हे तपासायला.

आत्याबाईंच्या हातातलं ताट खाली आलं. मी रेवाच्या उंचीला उकिडवी बसले आणि तिच्या बोटाच्या दिशेनं वर बघितलं.

"बघते गं, रेवा," मी म्हणाले. "मी बघतेच आहे."